एका चपलेच्या चार कथा

ऑफिसात तिला सगळे वेलांटी म्हणत. हजेरीपुस्तकात वेगळं नाव होतं, पण ते तिथेच राहिलं. कथांच्या एका मासिकात ती बावीस वर्षं प्रूफं वाचत होती, आणि एवढ्या वर्षांत ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं तिच्या नजरेतून सुटलं असं कोणाला आठवत नव्हतं. संपादकबाई पाहुण्यांना तिची ओळख करून देताना म्हणत, "आमच्या कथांमध्ये दर महिन्याला दोन खून होतात, ते हिला चालतात. पहिलीच्या जागी दुसरी वेलांटी पडली की मात्र हिला जेवण जात नाही."

मासिकात चार सदरं होती. रहस्य, भय, प्रेम आणि विनोद. बाईंच्या टेबलाला चार खण होते आणि खणांवर चार चिठ्ठ्या. आलेली कथा चारांपैकी एका खणात पडायची, नाहीतर परत जायची. एखादा लेखक तावातावाने सांगू लागला की माझी कथा थोडी भयाची आहे, थोडी प्रेमाची, तर बाई शांतपणे विचारत, "म्हणजे वाचकाने खुर्चीत कसं बसायचं? रेलून की सावरून?" 

एका महिन्यात रहस्यकथेचा नेहमीचा लेखक आजारी पडला. सहा पानं रिकामी राहिली. बाई वेलांटीच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढताय. एकदा स्वतः करून बघा."

"मला काय येतंय कथा लिहायला?"

"रहस्यकथेला फार काही लागत नाही. एक माणूस नाहीसा करा, आणि का ते शेवटपर्यंत सांगू नका."

बाई हे गमतीने बोलल्या. वेलांटीला मात्र हसू आलं नाही, कारण तिच्या घरातून एक माणूस खरंच नाहीसा झाला होता.

ती अकरा वर्षांची होती आणि दादा एकोणीस वर्षांचा. शनिवारची दुपार होती. दादाने पायात बूट घातले, हातात एक कागदी पिशवी घेतली, पिशवीत एक चप्पल. "टाच तुटलीय, शिवून आणतो," असं म्हणाला आणि गेला. तो परत आला नाही. पोलिसात कळवलं, पेपरात फोटो छापला. आई सहा वर्षांनी गेली. आता घरात वेलांटी आणि बाबा दोघंच होते. बाबांचं वय चौऱ्याऐंशी, नजर जवळजवळ गेलेली. आयुष्यभर त्यांनी एका दवाखान्यात औषधं मोजून बाटल्यांत भरण्याचं काम केलं होतं. दादाचा विषय त्यांनी अडतीस वर्षांत एकदाही काढला नव्हता, आणि तिनेही नाही.

दोन दिवसांत तिने कथा लिहिली. दादाचं नाव बदललं, शहर बदललं. लिहिताना तिच्या लक्षात आलं की रहस्यकथा ही मोठी शिस्तीची बाई आहे. तिला प्रत्येक वस्तूचा उपयोग हवा असतो. नुसती चप्पल चालत नाही, ती पुरावा व्हावी लागते. विहिरीजवळच्या चिखलात पाऊल उमटवायचं होतं आणि ते उजवंच असणं सोयीचं होतं, म्हणून दादाच्या हातातली डाव्या पायाची चप्पल तिने उजवी केली. गुन्हेगार हवा होता, म्हणून एक काका तयार केला. शेवटी काकाला पकडलं तेव्हा तिला हलकं वाटलं. खऱ्या आयुष्यात तिला काकाच नव्हता.

कथा टोपणनावाने छापून आली. पंधरा दिवसांनी मासिकाच्या पत्त्यावर एक पत्र आलं. शाळकरी वळणाचं गोल अक्षर, खाली सही नाही.

"कथा वाचली. आवडली. एक दुरुस्ती सुचवतो. चप्पल डाव्या पायाची होती, उजव्या नाही. आणी ती तुटलेली नव्हती."

वेलांटीने आधी सवयीने 'आणी'खाली लाल रेघ मारली. मग रेघ मारलेलं वाक्य पुन्हा वाचलं आणि पेन खाली ठेवलं. आजूबाजूला सगळं नेहमीसारखं चाललं होतं. एसीचं पाणी खालच्या बादलीत ठिबकत होतं, पलीकडच्या टेबलावर कोणीतरी पोटभर हसत होतं. डावी चप्पल तिच्याशिवाय फक्त आईने आणि बाबांनी पाहिली होती. आणि ती तुटलेली नव्हती हे तर तिलाही माहीत नव्हतं.

तिने कोणाला काही सांगितलं नाही. पत्र पाकिटात घालून पर्समध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाईंकडे जाऊन म्हणाली, "मला भयकथा लिहून बघायची आहे."

"अरे वा, चटक लागली वाटतं."

चटक नव्हती. तिला कोणीतरी उत्तर दिलं होतं आणि तिला पुढचा प्रश्न विचारायचा होता. तो उघड विचारता येत नव्हता, म्हणून कथेतून विचारायचा. रहस्यकथेत तिने 'कोणी केलं' असं विचारलं होतं, तेव्हा उत्तर चपलेचं आलं. भयकथा वेगळं विचारते. गेलेल्या माणसाचं मागे काय उरतं, ते ती विचारते.

ही कथा तिला भीती वाटावी इतकी सोपी गेली. रहस्यकथेत दादाला शोधावं लागलं होतं. इथे त्याला नुसतं येऊ द्यायचं होतं. तिने एक जिना लिहिला. रोज दिवेलागणीला त्या जिन्यात एकाच चपलेचा आवाज येतो. एक पाऊल वाजतं, एक वाजत नाही. मुलगा वरच्या पायरीवर येऊन थांबतो, बेल वाजवत नाही. घरातले दाराच्या अलीकडे श्वास रोखून उभे. लिहिताना ती मधेच उठली, दाराच्या भिंगातून बाहेर बघून आली आणि स्वतःवर चिडली.

पत्र बरोबर पंधरा दिवसांनी आलं.

"तुमच्या कथेतला मुलगा जिन्यात उभा असतो. ते बरोबर आहे. पण मेल्यावर नाही. जायच्या तीन दिवस आधी, दुपारी दीड वाजता. घरात दोघं बोलत होते आणी त्याला सगळं ऐकू गेलं."

त्या दिवशी तिने एका प्रूफात चार चुका सोडल्या. बाईंनी तिला आत बोलावलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"काय होतंय तुम्हाला?"

वेलांटीने दोन्ही पत्रं टेबलावर ठेवली, आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा दादाची गोष्ट कोणाला तरी जशी होती तशी सांगितली. बाईंनी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. शेवटी म्हणाल्या, "पोलिसात द्या ही पत्रं."

"दिली तर पत्रं थांबतील."

"मग काय करणार?"

"प्रेमकथा लिहिणार. तो कोणासाठी गेला, ते विचारणार."

बाईंनी पत्रं तिच्याकडे परत सरकवली. "एक सांगू? तीस वर्षं या खणांमध्ये कथा टाकतेय मी. भयकथा आणि प्रेमकथा आतून एकच असतात. दोन्हींत माणूस वाटच बघत असतो. एकीत कोणीतरी यावं म्हणून, दुसरीत येऊ नये म्हणून. तुम्ही नक्की कुठली वाट बघताय ते आधी ठरवा."

वेलांटीला ते ठरवता आलं नाही. तरी तिने प्रेमकथा लिहिली. पलीकडच्या गल्लीतली एक मुलगी, चपलेचा बहाणा, दोघांचं दूर जाणं. कथा गोड झाली आणि पार खोटी. प्रूफ वाचताना तिची तिलाच लाज वाटली.

या वेळी पंधरा दिवस लागले नाहीत. अंक बाजारात येऊन दोन दिवस झाले होते, तेव्हा पत्र टेबलावर होतं. अक्षर वेगळं होतं, बारीक आणि उजवीकडे झुकलेलं.

"मुलगी कोणी नव्हती. खिडकीत एक लहान मुलगी होती तेवढीच. तिची एक वेणी घातलेली होती आणि एक सुटी होती. तिने काचेवर श्वास सोडला आणि वाफेत बोटाने काहीतरी लिहिलं. मी रस्त्यावरून पाहिलं. अक्षरं उलटी होती, म्हणून वाचता आली नाहीत."

दोन्ही 'आणि' शुद्ध होते. हे तिच्या आधी लक्षात आलं, आणि 'मी' हा शब्द नंतर. 

आपण काचेवर काय लिहिलं होतं, ते तिला काही केल्या आठवेना. वेणीचं आठवलं. आई एक वेणी घालून मधेच उठून आत गेली होती.

घरी आली तेव्हा बाबा झोपले होते. औषधांच्या डब्याला चिठ्ठी लावलेली होती. समोरच्या घरात दोन वर्षांपूर्वी एक मावशी राहायला आल्या होत्या. रोज चारच्या सुमारास त्या येऊन बाबांना पेपर वाचून दाखवत. डॉक्टरांचा निरोप आला होता, तो त्यांनी लिहून ठेवला होता: "पांढरी गोळी सकाळी आणी रात्री."

वेलांटी चिठ्ठी हातात घेऊन तशीच समोरच्या दारात गेली. मावशींनी ती बघितली, पाकिटातून काढलेलं पहिलं पत्र बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. म्हणाले, वाचकाचं पत्र आहे, लेखकाला बरं वाटतं. मासिक मीच वाचून दाखवते ना त्यांना. मला काय माहीत तू लिहितेस ते!"

बाबा जागे होऊन खाटेवर बसले होते. ती समोर स्टूल ओढून बसली. तिला काही विचारावं लागलं नाही.

"आलीस मावशींकडून," ते म्हणाले. "मला वाटत होतं, रहस्यकथेत तू मला पकडशील. तू काकाला पकडलंस."

मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, एखाद्या पेशंटला डोस समजावून सांगावा तसं. दादा तेव्हा कॉलेज सुटलं की दवाखान्यात त्यांच्या हाताखाली बाटल्या भरायला यायचा. एका दिवशी दोन बाटल्यांची लेबलं उलटसुलट लागली आणि ते औषध घेऊन एक बाई दगावली. चौकशी सुरू झाली. लेबलं बाबांनी चिकटवली होती. "तुझ्या आईला मी म्हटलं, तो लहान आहे, त्याला सोडून देतील. माझं नाव आलं तर घर बसेल. ते त्याने जिन्यात ऐकलं. संध्याकाळी मला येऊन म्हणाला, बाबा, माझंच नाव सांगा."

"आणि तुम्ही सांगितलंत."

"मी त्याला आठ दिवस बाहेर राहायला सांगितलं. एका लॉजचा पत्ता दिला. शेजाऱ्यांना संशय नको म्हणून चप्पल मीच त्याच्या हातात दिली. नवव्या दिवशी आणायला गेलो, तर तो आदल्या दिवशीच निघून गेलेला. निरोप नाही, काही नाही. तो पळाला म्हणजे चूक त्याचीच, असं धरून चौकशी तिथेच मिटली."

वेलांटीने पर्स उघडली. मग तिने तिसरं पत्र काढलं. "आणि हे? हे कोणाकडून लिहून घेतलंत?"

"कुठलं?"

"तिसरं."

"मी दोनच पाठवली."

तिने वाचून दाखवलं. बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते, ते हळूहळू एकमेकांत गुंतत गेले. "मी तेव्हा मोरीत होतो," ते म्हणाले. "नळ सोडून बसलो होतो. वेणीचं मला माहीत नाही."

पुढचे अकरा दिवस ती बाबांशी औषधापुरतं बोलली. बाटली उचलली की तिची नजर लेबलावर जायची. एकदा वाचून समाधान व्हायचं नाही, ती दुसऱ्यांदा वाचायची. बाबा हात पुढे करून निमूट वाट बघत. तिला काय वाटत होतं, त्याला राग म्हणणंही पुरं नव्हतं. अडतीस वर्षं ज्या घरात राहिलो त्या घराला एक जास्तीची खोली होती आणि तिचं दार आपल्याला कधी दिसलंच नाही, असं काहीतरी.

बाराव्या दिवशी तिने तिसऱ्या पत्राचं पाकीट उजेडात धरलं. शिक्क्यातलं गावाचं नाव फिसकटलं होतं, तारीख मात्र स्पष्ट होती. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, पुन्हा पाकिटाकडे पाहिलं. अंक बाजारात यायच्या चार दिवस आधी हे पत्र टाकलेलं होतं. म्हणजे तोवर ती कथा कोणाच्याच घरी गेलेली नव्हती. ती होती फक्त छापखान्यात.

छापखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. बावीस वर्षांत ती तिथे एकदाच गेली होती. मागच्या अंगाला बांधणी खातं होतं. लांबलचक टेबलं, खळीचा आंबूस वास, छापलेल्या कागदांचे गठ्ठे. टेबलांवर खळ सांडू नये म्हणून जुने कागद अंथरलेले. तिने जवळ जाऊन पाहिलं तर ती प्रूफं होती, तिच्याच लाल अक्षरातली.

"रद्दी येते ना तुमच्याकडून," फोरमन म्हणाला. "तीच वापरतो."

तिने विचारलं, इथे वयस्कर असं कोणी आहे का, पन्नाशीच्या पुढचं, वाचायची आवड असलेलं.

"मास्तर? होता की. अकरा वर्षं होता. छापलेलं सगळं वाचत बसायचा म्हणून आम्ही मास्तर म्हणायचो. मागच्याच महिन्यात सोडून गेला. एका दुपारी उठला, हात धुतले आणि गेला."

"नाव काय? राहायचा कुठे?"

फोरमनने रजिस्टरमधलं नाव सांगितलं. ते दादाचं नव्हतं. राहायचा कुठे ते कोणालाच माहीत नव्हतं; घरी कोण आहे असं विचारलं की मास्तर नुसता हसायचा, असं म्हणाला. "उंच. चष्मा दोरीने गळ्यात. आणि एक विचित्र सवय होती बघा. टेबलावर अंथरायची प्रूफं आधी निवडायचा. ज्यांच्यावर लाल खुणा जास्त, त्यांना खळ लागू द्यायचा नाही. बाजूला काढून ठेवायचा."

"ती कुठे आहेत?"

"घेऊन गेला."

वेलांटी तिथल्याच स्टुलावर बसली. अकरा वर्षं तिचं अक्षर त्या माणसाच्या हाताखालून जात होतं. तो कोणीही असू शकत होता, दादा किंवा दादाला ओळखणारा कोणी. किंवा त्या शनिवारी रस्त्यावरून सहज जाणारा, ज्याने एक मुलगी बघितली आणि लक्षात ठेवली. तिने स्वतःलाच विचारलं, तो दादा निघावा असं मला वाटतं का? उत्तर हो होतं. त्याच क्षणी तिला वाटलं, नको. यावा आणि येऊ नये, हे दोन्ही तिच्या छातीत शेजारी शेजारी बसले होते.

घरी आल्यावर ती बाबांना म्हणाली, "मी सगळं लिहिणार आहे. लेबलासकट."

"लिही," बाबा म्हणाले. "आणि लेबलाचं एका कागदावर वेगळं लिही, मी सही करतो. त्या बाईच्या मृत्यूबद्दल जिथे द्यायचं तिथे दे." तो दवाखाना केव्हाच बंद झाला होता, तिथे फरशांचं दुकान होतं. तिने कागद सरकारी कचेरीत नेऊन दिला. कारकुनाने दोनदा वाचला, शिक्का मारला, आणि इतक्या जुन्या गोष्टीचं काय करायचं ते विचारून कळवतो म्हणाला.

चौथ्या कथेला दोन महिने लागले. या वेळी तिला कोणाला विचारायचं नव्हतं, सांगायचं होतं. लेबलाचा भाग तिने रहस्यकथेसारखा लिहिला, एकेक गोष्ट तपासून. फक्त शेवटी कोणाला पकडलं नाही. जिना भयकथेसारखा लिहिला, पण आत बोलणाऱ्यांनाही भीती वाटत होती हे लिहिलं. खिडकीचा भाग लिहिताना तो प्रेमाचा आहे हे तिला कळलं. मधे बाबांचं ते काकाचं वाक्य आलं आणि तिला खुदकन हसू आलं, तेही तिने राहू दिलं. कथेचं शेवटचं वाक्य होतं: "तो परत आला नाही."

बाईंनी ती वाचली. चारही खणांवरून त्यांचा हात फिरला आणि टेबलावरच थांबला. "कुठे टाकू?"

"वाचकाला कसंही बसू दे," वेलांटी म्हणाली.

बाईंनी अनुक्रमणिकेत त्या कथेपुढे सदराची जागा कोरी सोडली.

छपाईच्या आधी छापखान्यातून शेवटचं प्रूफ सहीसाठी यायचं. तो मंगळवार होता. वेलांटीने पानं उलटली, चुका नव्हत्या. शेवटच्या पानावर मात्र पेन्सिलीची एक रेघ होती. "तो परत आला नाही" हे वाक्य खोडलं होतं. समासात बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात एकच शब्द: "चूक."

तिने फोरमनला फोन लावला. हे कोणी लिहिलं, त्याला माहीत नव्हतं. "मास्तर सकाळी येऊन गेला, छत्री राहिली होती त्याची. पण प्रूफाच्या पाकिटाला त्याने हात लावलेला मी नाही पाहिला हो."

दुपारचे साडेतीन झाले होते. ती पर्स उचलून घरी निघाली. मावशी मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, महिना झाला होता. बाबा घरी एकटेच असायला हवे होते. दार तिने किल्लीने उघडलं. बाबा खुर्चीत बसले होते, चेहरा दाराकडे. समोरच्या स्टुलावर पेपरची नीट घडी घालून ठेवली होती.

"आज लवकर?" बाबा म्हणाले. "आत्ताच गेला तो."

"कोण?"

"वाचायला येतो तो. मावशी गेल्यापासून दर मंगळवारी. तूच पाठवलंस ना त्याला?"

तिने स्टुलावरचा पेपर उचलला. "हो," ती म्हणाली. कशासाठी तसं म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नसतं. "कसा वाचतो?"

"बरा वाचतो. घाई करत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने प्रूफावरची पेन्सिलीची दुरुस्ती कायम केली, ते वाक्य गाळलं. पुढच्या मंगळवारी रजा घेऊन ती घरी बसली. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चार वाजले की ती आणि बाबा दोघंही बोलायचे थांबत, आणि पाच वाजले की काहीतरी किरकोळ बोलू लागत. मग अंक बाजारात आला, आणि त्यानंतरच्या मंगळवारी बेल वाजली.

दारात उंच माणूस होता. पिकलेले केस, गळ्यात दोरीचा चष्मा, बगलेत नवा अंक. तिने त्याच्या चेहऱ्यात एकोणीस वर्षांचा मुलगा शोधला. सापडला असं वाटलं आणि लगेच हरवला. ओळख पटायला जे लागतं त्यातलं तिच्याकडे एका जुन्या फोटोशिवाय काही नव्हतं, आणि फोटोतला चेहरा बघून बघून झिजला होता.

"बाबांना वाचून दाखवायला येतो मी," तो म्हणाला. "तुम्हाला चालेल ना?"

ती बाजूला झाली.

तो स्टुलावर बसला आणि तिची कथा वाचू लागला. सपाट, स्वच्छ आवाज. कथेतली चौकशी आली, बाटल्या आल्या. बाबांनी हात वर केला.

"थांबा जरा. लेबलं मी चिकटवली होती."

"लिहिलंय तसं इथे."

"ते हिने लिहिलंय. मी सांगतोय. मी चिकटवली होती, आणि मी त्याला जा म्हटलं. माझं चुकलं."

 त्या माणसाने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या. त्याला बराच वेळ लागला.

"ऐकलं," तो म्हणाला. "पुढे वाचू?"

बाबांनी मान हलवली.

सात महिने तो दर मंगळवारी आला. मावशी परत आल्यावर त्यांनी मंगळवार त्याला सोडून दिला. तो कुठून येतो, तिने विचारलं नाही. बाबांनी त्याचं नाव विचारलं नाही. एकदा ती त्याच्या मागोमाग चार पायऱ्या उतरली आणि परत फिरली. विचारलं तर काहीतरी एकच उत्तर येईल आणि बाकीची सगळी संपतील, याची तिला धास्ती होती. बाबा मात्र त्या महिन्यांत शांत झाले. झोपेत बोलायचे, ते थांबलं.

एका शुक्रवारी पहाटे ते गेले. जवळची चार माणसं आली आणि आपापल्या घरी परतली. त्या माणसाला कळवायला तिच्याकडे पत्ता नव्हता.

मंगळवारी चारला बेल वाजली. तिने दार उघडलं.

"बाबा गेले," ती म्हणाली.

"माहीत आहे."

त्याने पायपुसण्यावर बूट पुसले, आत आला, आणि नेहमीच्या स्टुलावर न बसता रिकाम्या खुर्चीकडे क्षणभर बघून पलंगाच्या कडेला बसला. चष्मा डोळ्यांवर चढवला. सात महिने तो तिला अहो-जाहो करत आला होता.

"तुला काय वाचून दाखवू?" त्याने विचारलं.

वेलांटी दाराला धरून उभी होती. जिन्यातून गार वारा येत होता.

"काहीही," ती म्हणाली. "आधी पाणी पी."